ठिपक्याने २३व्या दिवशी घास घेतला!

काल रात्री सव्वाअकराला ठिपक्याने, म्हणजे माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या नव्या मोरे ईलने, कुर्लीचा डेंगा (खेकड्याची नांगी) उचलला!! २३ दिवस उपाशी होता. मागच्या अपडेटमध्ये झाकणाची जाळी बसवल्याचं सांगितलं होतं, ती मस्त टिकलीय, एक भोकही उघडं नाही, त्यामुळे पळण्याची भीती संपली. पण खाण्याचं काही जमत नव्हतं.

दुकानदार म्हणाला होता फ्रोझन खातो, पण दुकानात त्याला खाताना मी बघितलंच नव्हतं. माझी चूक. नवीन ईल घेणाऱ्यांनो, समोर खायला घालायला लावा, मगच पैसे द्या.

काय काय करून बघितलं सांगतो. कोळंबी सोलून, कोळंबी सालासकट, माकुलाची चकती, तिसऱ्या, शेवटी जिवंत करंदी सोडली तर ती टाकीतल्या डॅमसेल माशांनीच फस्त केली. मांदेली दोनदाच दिली, कारण अँचोव्हीच्या घराण्यातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, रोजचं खाणं म्हणून नकोच. नवव्या दिवशी दगडामागे राहिलेली कोळंबी सडली आणि अमोनिया ०.२५ पीपीएम दिसला, रात्री एक वाजता ५० लिटर पाणी बदललं. सॅलिनिटी १.०२५, टेंपरेचर २६, सगळं जागेवर. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या सोल्युशनने परत कॅलिब्रेट केला, आरओच्या पाण्याने शून्य करून भागत नाही हे आधी लिहिलंच आहे. मोरे काही आठवडे उपाशी राहू शकतात हे माहीत असूनही रोज सकाळी उठून आधी गुहेत बॅटरी मारायचो, श्वास चालू आहे ना बघायला.

मग परवा डॅमसेलना ब्राइन श्रिम्प (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाकत होतो. त्याचा गढूळ ढग डावीकडून, वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) बाजूने निघाला आणि गुहेच्या दगडावरून सरळ उजवीकडे वाहून गेला. गुहेचं तोंड उजवीकडे! म्हणजे मी तोंडासमोर धरलेल्या प्रत्येक घासाचा वास त्याच्यापासून लांब जात होता, आणि याची नजर कमजोर, सगळा कारभार नाकावर. वर तो चकाकणारा स्टीलचा चिमटा दोन इंचांवर, मग तो मागेच सरकणार ना. स्टीलचा चिमटा ईलसाठी नकोच, बांबूचा घ्या, दात लागले तरी इजा नाही.

काल मार्केटमधून मावशींकडून लहान कुर्ली आणली, मावशींनी विचारलं एकच कशाला रे, म्हटलं माशासाठी. डेंगा जरा ठेचून गुहेच्या डावीकडे, दगडाच्या फटीत अडकवला, लाइट बंद, नुसती लाल टॉर्च. चार मिनिटं काही नाही. मग मागच्या बारक्या भोकातून, जिथून तो कधीच डोकावला नव्हता, ती दोन पिवळी नाकाडं बाहेर आली, हलली, थांबली, परत हलली. डेंग्याला नाक लावून तीनदा मागे गेला. चौथ्यांदा पकडला आणि अंगाला पीळ देत गरकन फिरला, कवच मोडल्याचा आवाज काचेबाहेर ऐकू आला हो! नंतर घास आपोआप आत सरकला. २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी मोरेच्या घशातला पुढे येऊन घास ओढणारा दुसरा जबडा दाखवला होता, वाचलं होतं, पण समोर घास सरकताना बघणं वेगळंच.

आता रविवारी दगडांची मांडणी बदलतो असं लिहिणार होतो. माझे सगळे सिरॅमिकचे आहेत, लाइव्ह रॉकच्या (समुद्रातल्या जिवंत दगडांच्या) नावाने प्रवाळ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, आपल्याकडे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत. पण थांबा, लिहितानाच सुचलं, नुकता खायला लागलाय तर त्याच्या घराला हात कशाला लावायचा? वेव्हमेकरच उजवीकडे नेतो, थेट तोंडावर नाही, मागच्या काचेवर आपटून येईल असा. आणि दीड इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा वाळूत आडवा ठेवून त्यातच दरवेळी घास ठेवला तर उरलेलं शोधत बसायला नको, सडायलाही नको.

उरलेली कुर्ली तुकडे करून फ्रीजरमध्ये आहे. चार दिवसांनी माकूल बी-१ मध्ये भिजवून, त्या पाईपमध्ये.