रिंगरोडवर जलद बस : आराखडा करतानाचा आमचा अनुभव

नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. त्यामुळे मानेवाड्याहून हिंगणा रोडला जाणाऱ्याला मेट्रोने जायचे तर बर्डीचा वळसा पडतो. रिंगरोड मात्र छत्रपती चौकात, रचना रिंगरोड जंक्शनला आणि ऑटोमोटिव्ह चौकात अशा ठिकाणी मेट्रोला भिडतो. म्हणून जलद बससाठी, म्हणजे रस्त्याच्या मधल्या राखीव लेनमधून धावणाऱ्या बससाठी, आम्ही हाच रस्ता धरला. पहिला टप्पा रचना जंक्शन ते दिघोरी.

मोजणी कधी करायची, हे आधी ठरवले. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. मे-जूनचे आकडे कामाचे नाहीत. हिवाळी अधिवेशनाचे आठवडे आणि पोळा-मारबतीचे दिवसही वगळले. मंगळवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. बसमधल्या सवाऱ्या मोजून भागत नाही. खरी मागणी शेअर ऑटोत आणि दुचाकींवर असते, म्हणून चौकाचौकांत ऑटोतली डोकी मोजावी लागतात.

मग गाड्यांचा हिशेब. १२ किलोमीटर धरा. ताशी २० च्या वेगाने एका बाजूला ३६ मिनिटे, दोन्ही टोकांना ६-६ मिनिटे थांबा, म्हणजे पूर्ण फेरी ८४ मिनिटांची. दर ६ मिनिटांनी बस हवी तर १४ गाड्या, वर दोन राखीव. वेग १५ वर आला की फेरी १०८ मिनिटांची होते आणि तेवढ्याच सेवेला १८ गाड्या लागतात. चार गाड्या, त्यांचे चालक-वाहक आणि रोजचा खर्च, हे सगळे नुसते अडकून राहण्यापायी जाते. बैठकांत चर्चा गाड्या किती घ्यायच्या यावरच होते, वेगावर होत नाही. आम्हाला ते फार खटकले.

वेग जातो थांब्यांवर आणि सिग्नलला. ६०० मीटरला एक धरला तर २० थांबे होतात. प्रत्येकी १५ सेकंद वाचले तरी एका बाजूला ५ मिनिटे वाचतात. त्यासाठी तिकीट थांब्यावरच काढलेले हवे आणि फलाट बसच्या तळाशी समपातळीत हवा. लो-फ्लोअर बसला ४०० मिलिमीटर, अहमदाबादच्या जनमार्ग या जलद बससेवेसारख्या बसला ९००. हे गाड्यांची निविदा निघण्याआधी पक्के करा. दाराचेही तसेच. रस्त्याच्या मधोमध दोन्ही दिशांना एकच फलाट केला तर दार उजवीकडे लागते आणि नेहमीची डाव्या दाराची बस तिथे निरुपयोगी ठरते. डावेच दार ठेवायचे तर फलाट बस-लेन आणि इतर वाहनांच्या मध्ये येतो. दोन दिशांचे फलाट मग समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवा, रुंदी वाचते.

रुंदीचा हिशेब असा : दोन बस-लेन ७ मीटर, दुभाजक १, फलाट साडेतीन, इतर वाहनांना दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा, पदपथ दोन-दोन. एकूण साडेअठ्ठावीस. रेल्वे पुलावर एवढी जागा नसते. तिथे बस इतर वाहनांतच मिसळू द्यावी आणि पुलाच्या तोंडाशी तिला सिग्नल आधी मिळावा.

सगळ्यात जास्त वेळ चौकांनी घेतला. मधल्या लेनमधून सरळ जाणाऱ्या बसच्या आड उजवीकडे वळणारी वाहने येतात, म्हणून चार टप्प्यांचा सिग्नल लागतो. १२० सेकंदांच्या चक्रात बसच्या वाट्याला जेमतेम २५ सेकंद हिरवा येतो. उजवे वळण बंद करून ती वाहने पुढच्या गल्लीतून तीन डाव्या वळणांनी फिरवली की दोन टप्पे उरतात आणि हिरवा ५० च्या वर जातो. पण त्या गल्लीत पार्किंग असेल तर हे सगळे कागदावरच राहते; गल्ली आधी पायी पाहून या. थांबाही चौकाला चिकटवू नये : किमान २६ मीटर, शक्यतो ४०. दिल्लीतल्या जलद बसच्या आंबेडकरनगर-मूलचंद मार्गावर थांबे सिग्नलच्या अगदी अलीकडे होते, बसमागे बस तुंबत असे. तो मार्ग २०१६ मध्ये उखडला.

थांब्यापुढचा पट्टा डांबरी ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, डांबर मऊ पडते आणि रोज त्याच जागी ब्रेक मारणाऱ्या बसची चाकोरी उमटते. तिथे काँक्रीट टाका आणि पक्के व्हायला त्याला २८ दिवस द्या. जलवाहिनी आणि केबल त्याआधीच बाजूला घ्या.