वीतभर तंगूस

कोकॅनी सामन माशाच्या मागे लागलेल्या माणसाच्या खर्चाची उतरंड गमतीची असते. होडी, मासे कुठे आहेत ते दाखवणारं सोनार यंत्र, दोरा खोल नेणारा डाउनरिगर, लवचीक रॉड आणि दुकानातले सगळे रंग घरी आणल्यासारखे डॉजर, म्हणजे आमिषापुढे नाचणारे पत्रे, या सगळ्यावर डॉलर सढळ हाताने उडतात. डॉजरपासून आमिषापर्यंतच्या शेवटच्या वीतभर अंतराला मात्र डब्याच्या तळाशी जो तंगूस सापडेल तो चालतो. त्या तुकड्याला लीडर म्हणतात. डॉजर चुकीच्या रंगाचा असला तरी मासे मिळतात; लीडर चुकला की शेजारच्या होडीतले मोजत बसावं लागतं.

कोकॅनी म्हणजे समुद्राकडे न जाता तलावातच जन्म काढणारा सॉकाय सामन. वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो, ब्रिटिश कोलंबिया इथल्या थंड, खोल तलावांत तो असतो; कॅलिफोर्निया, युटा, कोलोरॅडो इथे माणसांनी नेऊन सोडलेला आहे. त्याचं मुख्य जेवण म्हणजे डॅफ्नियासारखं बारीक प्लवक, कल्ल्यांच्या चाळणीतून गाळून घेतलेलं. असा मासा गुलाबी रबरी झालरीवर तुटून पडतो तो भुकेपोटी नव्हे. समोर काहीतरी झटके देत, उड्या मारत चाललंय हे त्याला बघवत नाही, एवढंच. म्हणजे आपण त्याला खाऊ घालत नसून डिवचत असतो, आणि डिवचण्याचं सगळं काम हालचालीचं.

ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेताना, होडी ताशी सव्वा ते दीड मैल अशा संथ वेगाने चालते. डाउनरिगरच्या गोळ्याने ठरावीक खोलीवर नेलेल्या दोऱ्याच्या टोकाला चार ते सहा इंचांचा, किंचित वाकवलेला चकचकीत पत्रा असतो, तो डॉजर. तो पाण्यात डावी-उजवीकडे फेकला जातो. त्याच्या मागे लीडर आणि लीडरच्या टोकाला दीड इंची हूची, म्हणजे रबरी झालर आणि तिच्यात दडलेले दोन गळ. हूचीला स्वतःची चाल अजिबात नाही. ती जे काही नाचते ते डॉजरच्या जिवावर, आणि तो नाच तिच्यापर्यंत पोचवायचा लीडरने.

तरी लीडर घेताना पहिला प्रश्न येतो, ‘किती पौंडाचा?’ म्हणजे किती वजन पेलणारा. नवखा माणूस मासा किती मोठा, याचा हिशेब करतो. कोकॅनी बहुतेक ठिकाणी किलोभराच्या आतला, मग सहा पौंडी तंगूस पुरे की! ताकदीपुरतं बोलायचं तर पुरे आहेच. २०१० साली ओरेगनच्या वॉलोवा तलावात निघालेला विक्रमी कोकॅनीसुद्धा ९.६७ पौंडांचा होता. पण जाणते लोक हूचीसाठी फ्लुरोकार्बन या प्लास्टिकचा दहा ते बारा पौंडी तंगूस लावतात, काही जण पंधरावरही जातात, ते ताठपणासाठी. तंगुसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. सहा पौंडी फ्लुरोकार्बन साधारण ०.२२ मिलिमीटर जाडीचा आणि दहा पौंडी ०.२८चा धरला (ब्रँडनुसार थोडं इकडेतिकडे), तर हाताला जेमतेम जाणवणाऱ्या या फरकात ताठपणा अडीच पटींहून अधिक वाढतो. ताठ लीडर डॉजरचा झटका हूचीपर्यंत नेतो; लुळा लीडर तो वाटेतच गिळतो.

पाकिटावरचा पौंडाचा आकडा वाचून घेण्यापेक्षा मिलिमीटरचा आकडा वाचून घ्यावा. एकाच पौंडाचे दोन तंगूस जाडीने वेगळे असू शकतात, आणि डॉजरला पाकीट वाचता येत नाही.

फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणून घ्यायचा, ही जाहिरातीतली समजूत. प्रकाश वाकवण्याचा त्याचा निर्देशांक १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५च्या वर. म्हणजे तो पाण्याला नायलॉनपेक्षा जवळचा आहे, अदृश्य नाही. आणि माशाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर चकाकता पत्रा नाचवायचा आणि मग दोरा दिसेल की काय म्हणून काळजी करायची, हे जरा विनोदीच. टाहो किंवा शेलान या तलावांच्या काचेसारख्या नितळ पाण्यात बारीक लीडरचा आग्रह समजू शकतो. एरवी फ्लुरोकार्बनचा खरा गुण दुसरा आहे. नायलॉन पाणी पितो आणि दिवसभरात मऊ होत जातो. सकाळी सातला चालणारी जुळणी अकराला का थंडावली, याचं उत्तर कधीकधी तेवढंच असतं. फ्लुरोकार्बन पाणी पीत नाही. सकाळी जसा तसा दुपारी.

मग नायलॉनच्या लवचिकपणाचं काय? कोकॅनीचं तोंड कागदासारखं, गळ उपटून निघतो, म्हणून लीडर ताणणारा हवा, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दहा इंची तुकडा ताणून ताणून ताणणार किती? दीड-दोन इंच. त्याच्यापुढे शंभर फूट नायलॉनचा मुख्य दोरा आहे, तो दहा टक्के ताणला तरी दहा फूट. त्यात लवचीक रॉड आणि सैल ठेवलेला ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. तोंड सांभाळायचं काम त्यांचं. ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा मात्र लीडरला लावूच नये. तो ताकदीला कितीही चांगला असला तरी इतका लुळा, की डॉजरभोवती स्वतःच गुंडाळून घेतो.

लांबी हा या सगळ्यातला खरा रंगतदार भाग. बैलगाडीच्या मागे वासरू बांधलेलं असतं ना, तसं हे आहे. दावं आखूड असेल तर गाडीच्या प्रत्येक हिसक्याला वासरू उडतं. दावं लांब सोडलं की ते आपल्या चालीने रमतगमत येतं. हूचीसाठी ढोबळ नियम डॉजरच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट: चार इंची डॉजरमागे आठ ते दहा इंच, साडेपाच इंचीमागे अकरा ते चौदा. माप डॉजरच्या मागच्या स्विव्हलपासून (फिरत्या कडीपासून) हूचीच्या नाकापर्यंत घ्यायचं, गळापर्यंत नव्हे. नाहीतर दोघांचे ‘दहा इंच’ कधीच जुळत नाहीत. वसंतात पाणी गार असतं, होडी ताशी मैलभराच्या आत हळू चालवावी लागते. तेव्हा डॉजर आळसावतो, म्हणून लीडर इंच-दोन इंच आखूड करून चाल परत आणतात. उलट मासे मागे येतात, हूचीच्या शेपटीला नाक लावतात आणि घेत नाहीत, असं झालं तर लांबी वाढवून नाच शांत करून पाहावा.

छोटे चमचे म्हणजे स्पून, किंवा एपेक्ससारखी वाकडी पट्टी यांना मात्र स्वतःची चाल असते. त्यांना आखूड लीडरवर बांधलं की डॉजर आणि आमिष दोघं एकमेकांचा ताल बिघडवतात. तिथे दोन ते तीन फूट सोडावे आणि आठ पौंडी, म्हणजे जरा बारीक तंगूस घ्यावा. गाठही घट्ट आवळलेली नको, फास ठेवणारी किंवा छोट्या क्लिपवर बसणारी हवी. तुकड्याला सैल सोडायचं असेल तेव्हा ताठपणाचा आग्रह सोडावा, इतकं साधं गणित.

कोकणात सुरमईच्या गळाला तार लावायची सवय असलेला कुणी सिएटलला नोकरीसाठी गेला तर त्याचा हात पहिल्यांदा तारेकडे जाणार. सुरमईचे दात तंगूस कापतात; कोकॅनीचे दात नाममात्र. तारेचं इथे काम नाही.

बांधणी अशी. दहा इंची लीडरसाठी तीसेक इंच तंगूस कापावा. दोन गळ आणि गाठी यांत बराच जातो. सहा किंवा चार नंबरचे बारीक दांड्याचे गळ. मागचा गळ आधी, दांड्यावर सहा-सात वेढे देऊन स्नेल गाठीने. पुढचा गळ त्याच्या सव्वा ते दीड इंच पुढे, त्याच पद्धतीने. मग चार मिलिमीटरचे चार-पाच मणी, त्यावर हूची. मणी हवेतच: ते नसतील तर पुढचा गळ हूचीच्या डोक्यात घुसून बसतो आणि गळाची टोकं झालरीच्या कडेपर्यंत येतच नाहीत. शेवटी पुढच्या टोकाला दुहेरी दोऱ्याचा फास. प्रत्येक गाठ आवळण्याआधी ओली करायची, थुंकी लावली तरी चालते. फ्लुरोकार्बन कोरडा आवळला की घर्षणाने तापतो आणि गाठीशीच कमकुवत होतो. गाठीमागे तंगूस कुरळा पडलेला दिसला की ती गाठ जळाली समजावी आणि पुन्हा बांधावी. प्रत्येक गळाला पांढऱ्या शूपेग जातीच्या मक्याचा एकच दाणा. तीन-तीन दाणे लावणारे दानशूर असतात. त्यांची हूची मग नाचत नाही, नुसती गरगरते आणि लीडरला पीळ घालते. किती गळ चालतात, काटेरी चालतात का, मका चालतो का, हे त्या-त्या तलावाच्या नियमात पाहून घ्यावं.

पीळ हा लीडरचा मोठा शत्रू. वेग जास्त झाला की डॉजर झुलायचा थांबतो आणि पूर्ण गिरक्या घेतो. कोकॅनीही ओढला जाताना अंगाभोवती लोळतो. म्हणून सोडण्याआधी जुळणी होडीच्या कडेला पाण्यात धरून पाहावी, डॉजर झुलतोय की फिरतोय. खाली सोडतानाही घाई नको. होडी चालू ठेवून जुळणी दहा-वीस फूट मागे जाऊ द्यावी, मगच गोळ्याच्या क्लिपला दोरा लावावा. उभी सोडली तर लीडर डॉजरला वेढे घेऊनच खाली पोचतो आणि तासभर कुणाला कळतही नाही.

दोन-तीन मासे झाले की गळाजवळचा इंचभर तंगूस नखांच्या चिमटीतून ओढून पाहावा. खरखर लागली की कापून टाकावा. वाकण पडलेला लीडर ओढून सरळ होत नसेल तर तोही. म्हणून आधीच आठ, दहा, बारा, चौदा इंची बांधून ठेवतात. गुंडाळायला बारीक पुठ्ठा नको, त्याच्या घड्या तंगूस लक्षात ठेवतो. पोरं पोहताना धरतात तो फोमचा लांबडा दांडा कापून त्यावर गुंडाळावे आणि वर लांबी लिहावी. कापलेले तुकडे खिशात, पाण्यात नाही.

आणि मासे लागेनात म्हणून लीडर बदलायला घेण्याआधी होडी एकदा वळवून पाहावी. वळणावर बाहेरच्या बाजूचा रॉड वेगात जातो, आतला मंदावतो. बाहेरचा वाकला तर वेग वाढवा, आतला वाकला तर कमी करा. लीडर आहे तोच राहू द्या. दोन्ही गप्प राहिले तरच कात्री काढावी, आणि तीही एकाच रॉडवर. हूची तीच, रंग तोच, खोली तीच, फक्त एकीकडे आठ इंच आणि दुसरीकडे बारा. दोन्हीकडे एकदम सगळं बदललं तर मासा मिळाला तरी कशाने मिळाला ते कळत नाही.