कार्टर रोडचे खडक: चप्पल घालून जाऊ नका

'समुद्रकिनारी निवांत फेरफटका, लहान मुलांनाही आणा, साधी चप्पल चालेल.' मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या खडकाळ किनाऱ्याच्या फेरीबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर कुठून तरी फिरत आलेला हा मेसेज साफ खोटा आहे. तो खरा मानून आमच्याबरोबर आलेल्या एका काकूंना पहिल्या दहा पावलांतच परत फिरून कठड्यावर बसावं लागलं. एवढ्या पहाटे उठून आलेल्या बाईला काहीच बघायला मिळालं नाही, याचा मला अजून राग येतोय.

ही फेरी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची. 2017 मध्ये सुरू झालेला हा मुंबईकरांचा गट ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेतो आणि आपल्या समुद्रात काय काय जगतं ते दाखवतो. मात्र तुम्ही खडकावर चालता, वाळूवर नाही.

प्रॉमेनाडवरून उतरलात की पहिला पट्टा हिरव्या शेवाळाचा. तिथे माझे ट्रेकिंगचे बूटही सटकत होते. राजगडाच्या चोर दरवाजाला मला एवढी भीती वाटली नव्हती. हिरव्यावर पाय टाकूच नका, खडबडीत काळा दगड शोधा. पाऊल सपाट ठेवा, टाच आपटू नका. आणि तोल गेला तर हात टेकण्याआधी बघा, कारण दगडांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार तळहात कापते. बागकामाचे हातमोजे घेऊन जा. सगळी फेरी या पट्ट्यावर ठरते. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका, आणि सहा-सात वर्षांखालचं मूल तर अजिबात नेऊ नका.

भरती-ओहोटीचं कोष्टक स्वतः बघा. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत पाणी पहाटे सहाच्या आसपास तळाला जातं आणि ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून उधाणानंतरचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरचे, दोन-तीन दिवस सोयीचे. पाणी तळाला जायच्या तासभर आधी किनाऱ्यावर हवं. खार स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने सरळ दीडशे मागितले. मीटरने 50 च्या आत होतं. चार पावलं पुढे जाऊन चालती रिक्षा थांबवा, नाहीतर चालत जा.

पट्टा ओलांडला आणि सगळा वैताग गेला! बोटाच्या पेराएवढी हिरवीगार समुद्री गोगलगाय मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. एलिसिया तिचं नाव. ती शेवाळाचा रस शोषते, त्यातले हरितद्रव्याचे कण पचवून न टाकता अंगात साठवते आणि पानासारखी दिसते. स्वयंसेवक मुलीने दाखवेपर्यंत मला ती दिसलीच नव्हती. चिखलाचा थर म्हणून मी जिथे पाय ठेवणार होते ते झोअँथिड निघाले, हजारो जिवांची मिटलेली चटई. पाणी आलं की ती फुलते. दगडी प्रवाळही इथे आहेत. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच, अनुसूची 1 चं संरक्षण आहे. तेव्हा पाऊल टाकण्याआधी विचारा.

शंख उचलू नका. देखणा कोन शंख विषारी दात मारतो, आणि रिकाम्या वाटलेल्या शंखात बहुतेकदा खेकडा राहत असतो. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. फोटो मात्र भरपूर काढा आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. गटाच्या नोंदी तिथेच जमतात, त्यात तुमचीही भर पडते.

दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटी केली. सपाट वाळू, काही त्रास नाही, काकूंसारख्यांनी तिथेच जावं. पावसाळ्यात जुहूला जाणार असाल तर वाळूवर पडलेल्या निळ्या फुग्यांना हात लावू नका. ते फुगे म्हणजे ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा जीव, आणि ती मेलेली असली तरी डसते.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि पाणी समोरून येण्याआधी खडकांमधल्या घळींतून तुमच्या पाठीमागे शिरतं. स्वयंसेवकांनी 'चला परत' म्हटलं की फोटो अर्धवट टाकून निघा, कारण परत जाताना तोच हिरवा पट्टा ओलांडायचा असतो, आणि तेव्हा त्यावर पाणी चढायला लागलेलं असतं.