ताई, घेऊ का नको?

माप देता देता बायका हळूच विषय काढतात. कधी त्यांचे मालक दाराशी उभे राहून विचारतात, कधी कुणाच्या तरी पाहुण्याचा फोन येतो. प्रश्न एकच असतो : "ताई, अपघाताच्या केसमध्ये कंपनीवाले एवढे एवढे म्हणतायत. घेऊ का नको?"

मी वकील नाही. कोरेगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पण २०१९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या लोकअदालतीत विमा कंपनी देत असलेले तीन लाख मी नाकारले, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मला विचारतात. उभ्या उभ्या सांगताना नेहमी अर्धं राहून जातं. आज बसून लिहिते.

२०१८ च्या नोव्हेंबरात बाजारातून स्कूटीवर घरी येत होते. आडव्या रस्त्याने एक पिकअप न बघता बाहेर आली आणि माझा उजवा पाय गाडी आणि बंपरच्या मध्ये सापडला. घोट्याजवळची दोन्ही हाडं मोडली. प्लेट आणि सात स्क्रू. दवाखान्याचं बिल १ लाख ६२ हजार झालं. त्यातले ८० हजार शेकडा तीनने उचलले होते, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये नुसतं व्याज. हे व्याज लक्षात ठेवा, कारण तडजोडीच्या टेबलावर माणूस बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात दुखणं नसतं, हे व्याज असतं.

मार्च २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा दाखल केला. नऊ महिन्यांनी लोकअदालतीची नोटीस आली. टेबलाच्या पलीकडे पॅनेलवरचे न्यायाधीश, अलीकडे कंपनीचे वकील आणि कंपनीचा एक अधिकारी. सगळे नीट बोलले, कुणी दमदाटी केली नाही. सुरुवात अडीच लाखांपासून झाली आणि दहा मिनिटांत तीनवर आली. "तीन लाख, व्याजासह, फुल अँड फायनल. महिनाभरात चेक." माझे मालक माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मला ते २,४०० दिसत होते.

मी अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, "साहेब, हे तीन लाख कसे काढले?"

त्यांनी लगेच सांगितलं, काही लपवलं नाही. माझं उत्पन्न महिना सहा हजार धरलं होतं, कारण मी "घरी बसून शिवणकाम" करते आणि माझ्याकडे इन्कम टॅक्सचा कागद नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व २८ टक्के होतं, ते पूर्ण शरीराचं म्हणून १० टक्के धरलं होतं. वय ३८, म्हणून गुणक १५, म्हणजे वर्षाची कमाई वयाप्रमाणे जितक्या पटीने धरतात तो आकडा. सहा हजार गुणिले बारा, गुणिले पंधरा, त्याचे दहा टक्के म्हणजे १ लाख ८ हजार. दवाखान्याचं बिल १ लाख ६२ हजार. बाकी त्रास, गाडीभाडं, खाणंपिणं सगळं मिळून ३० हजार. झाले तीन लाख.

हिशोबात चूक नव्हती. धरलेला माणूस चुकीचा होता. त्या आकड्यात मी नव्हतेच.

तडजोड घ्यायची की नाही, याचं माझं उत्तर इथून सुरू होतं. रक्कम मोठी का लहान हे बघू नका. कोणतं उत्पन्न धरलं, अपंगत्व किती टक्के धरलं आणि पुढचा खर्च कुठे धरला, हे विचारा. सांगितलेलं वहीवर लिहून घ्या आणि घरी येऊन शांतपणे बघा, त्यात तुमचा माणूस दिसतो का.

माझ्या बाबतीत पहिली अडचण प्लेटची होती. ती काढायची बाकी होती. डॉक्टर म्हणाले होते, काढल्यावर घोटा किती वाकेल ते तेव्हाच कळेल. लोकअदालतीत सही झाली की तो न्यायालयाचा हुकूमनामा होतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणजे उद्या सांधा कायमचा आखडला तरी त्या पिकअपच्या विम्याकडे पुन्हा जाता येणार नव्हतं. उपचार संपलेले नसताना कुणी "फुल अँड फायनल" म्हणत असेल तर मी आजही सांगते, थांबा. दुखणं कुठे थांबणार हे ठाऊक नसताना त्याची किंमत लावता येत नाही. उलट तडजोड झाली नाही, तर केस होती तशी मूळ न्यायालयात परत जाते. "नको" म्हटल्याने न्यायाधीश नाराज होतील, ही भीती मलाही होती. तसं होत नाही. तिथली बोलणी पुढे पुराव्यात धरत नाहीत.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. दाखल्यावरचे टक्के आणि कामाचे टक्के वेगळे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे फार स्वच्छ सांगितलं आहे. डावा हात गेला तर दाखल्यावर साठ टक्के येतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळपास पूर्ण गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल, तर नोकरी टिकूही शकते. वकिलांनी मला हे समजावलं, तेव्हा त्या दवाखान्याच्या महिन्यांनंतर पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्या मशीनपर्यंत आलं.

कारण शिवणकाम हाताचं काम आहे असं लोकांना वाटतं. ते पायाचं आहे. पायमशीनवर टाच आणि चवडा आळीपाळीने दाबावे लागतात, घोटा सतत हलता लागतो. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "तुम्ही आता मशीनला मोटार बसवलीय ना?" बसवलीय. पण मोटारीलाही पायातच पॅडल असतं. गळ्याची गोलाई आली की पॅडल इतकं हलकं दाबायचं की सुई एकेक टाका घेईल. सरळ शिवण आली की पूर्ण दाबायचं. माझा घोटा मधलं काही करत नाही. एक तर मशीन थांबते, नाही तर सुसाट सुटते. गळे वाकडे जाऊ लागले, पायपिंग उसवावं लागलं. शेवटी डावा पाय शिकवला. वर्ष गेलं त्यात. पूर्वी दिवसाला पाच-सहा ब्लाउज व्हायचे, आता तीन झाले तर खूप. हे मी साक्षीत असंच सांगितलं, पाय पुढे करून.

आणि उत्पन्न. पावती नाही, बिलबुक नाही, मग पुरावा काय? मापाची वही. २००९ पासूनच्या चार वह्या होत्या. प्रत्येक पानावर नाव, छाती, कंबर, बाही, गळा पुढचा-मागचा, शिलाईचा दर, दिलेली तारीख, आणि कोपऱ्यात त्या कापडाचा बोटभर तुकडा स्टेपल केलेला. अदलाबदल होऊ नये म्हणून ही सवय मला माझ्या आईने लावली. अपघाताच्या आधीच्या दोन वर्षांची वही कोर्टात दिली. कंपनीचे वकील म्हणाले, ही कशावरून आत्ता बसून लिहिली नाही? न्यायाधीशांनी वही मागून घेतली. पानं उलटत गेले. स्टेपलच्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडले होते, एका पानावर चहा सांडलेला, एका पानावर पैठणीच्या काठाची बारीक पट्टी. त्यांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि वहीवर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्याचा नंबर, घालायला सांगितलं. दोन गिऱ्हाइकं साक्षीला आली होती, स्वतःच्या एसटीच्या खर्चाने. त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

म्हणून सगळ्यांना सांगते, विशेषतः बायकांना. तुमच्या कामाला कागद नाही असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. दूध डेअरीचं पुस्तक, बचत गटाची नोंद, पापडाच्या ऑर्डरीची डायरी, बँकेत दर आठवड्याला भरलेले पाचशे-सातशे, यातून उत्पन्न दिसतं. आणि बाहेरून एक रुपया न कमावणाऱ्या बाईच्या घरकामालाही मोल धरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ते एकापेक्षा जास्त निकालांत सांगितलं आहे, जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात तर सविस्तर.

मग करोना आला, कोर्टं बंद पडली, तारखांवर तारखा. निकाल २०२२ मध्ये लागला. उत्पन्न नऊ हजार धरलं. स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, हा २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला नियम. म्हणजे १२ हजार ६००. कामाचं नुकसान २५ टक्के. पुन्हा गुणिले बारा, गुणिले पंधरा, त्याचे ५ लाख ६७ हजार झाले. दोन्ही ऑपरेशनची बिलं, अंथरुणातल्या सहा महिन्यांची बुडालेली कमाई, वेदनेचे ५० हजार आणि वरखर्च धरून ९ लाख १ हजार, अर्ज केल्या तारखेपासून सात टक्के व्याजाने. हातात येईपर्यंत सव्वाअकरा लाखांच्या थोडं वर गेले. त्यातली काही रक्कम न्यायाधीशांनी माझ्या नावावर बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावली.

हे ऐकून लोक म्हणतात, मग नाकारायचंच! तसं नाही. शेकडा तीनचं ते कर्ज मी जवळपास तीन वर्षं ओढलं. नुसत्या व्याजाचे ऐंशी हजारांच्या वर गेले, आणि ते निकालात कुणी धरत नाही. पाटल्या बँकेत तारण ठेवून ते कर्ज मी पहिल्याच महिन्यात फेडायला हवं होतं. तेवढं सुचलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. निकालानंतरही कंपनीला अपिलाला नव्वद दिवस असतात. कंपनी उच्च न्यायालयात गेली असती, तर रक्कम आणखी अडकली असती. ती गेली नाही, हे माझं नशीब.

वडूजकडच्या एका काकांना मी "घ्या" म्हणाले होते. वय ५८, म्हणजे गुणक नऊ. उपचार संपलेले, हाड नीट जुळलेलं, बिल साठेक हजारांचं. अपघात रात्रीचा, साक्षीदार कुणी नाही, आणि पंचनाम्यातल्या नकाशात त्यांची मोटारसायकल रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. चूक निम्मी त्यांची ठरली, तर मिळणाऱ्यातले निम्मे कापले जाणार. आम्ही दोघांनी माझ्या कटिंगच्या टेबलावर बसून, खडूनेच आकडे मांडले. सगळं जमलं तर दीड लाख, निम्मे कापले तर पाऊण. कंपनी १ लाख १० हजार देत होती. काकांच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. त्यांनी घेतले. योग्य केलं. पंचनामा हा कागद दुखण्याइतकाच वाचायला हवा. एफआयआर कुणावर आहे, ब्रेकच्या खुणा कुठे आहेत, गाड्या कुठे पडल्या होत्या, ते सगळं आधी बघा. माझ्या वेळी कंपनीने हेल्मेट नव्हतं असंही म्हणून बघितलं. माझ्या वकिलांनी एवढंच विचारलं, हेल्मेटने घोटा वाचला असता का?

आताच्या केसेससाठी थोडं वेगळं आहे, ते नीट वाचा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यातल्या नव्या तरतुदी लागू झाल्या. अपघाताची माहिती आल्यावर तडजोडीचा प्रस्ताव कंपनीनेच न्यायाधिकरणापुढे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टापुढे, ठेवायचा, त्यासाठी तिला तीस दिवस. तुम्ही मान्य केलंत तर तशी नोंद होते आणि पुढच्या तीस दिवसांत पैसे. नाकारलंत तर सुनावणीची तारीख पडते. शिवाय कलम १६४ आहे. चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. ज्यांच्याकडे पुरावाच नाही त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. पण ते अडीच लाख स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. "हे तर मिळतीलच, ते वेगळे" असं समजून कुणी सही करू नका. गेल्याच महिन्यात एक बाई तशी करायला निघाली होती. पंचविशीची, भाजी विकणारी, गुडघ्याचा चुरा झालेला, दुसरं ऑपरेशन बाकी. तिला मी दुकान बंद करून वकिलांकडे घेऊन गेले. आणि दावा करायला कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. कंपनी काय देते बघू आणि मग ठरवू, असं म्हणत बसू नका. अर्ज आधी दाखल करा, बोलणी नंतर.

माझी ती वही अजून साताऱ्याला कोर्टाच्या फायलीत आहे. नक्कल काढून आणली, पण झेरॉक्समध्ये कापडाचे तुकडे सगळे काळेच दिसतात. जुनी गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, "ताई, माप तर आहे की तुमच्याकडे." मी टेप काढते आणि नव्याने घेते.