चेकेड, लॉकेड आणि मुळाक्षरांचा तक्ता

नागपूरच्या महाल भागात एका दुकानाच्या वरच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी बोलायचे वर्ग घेतो. मे महिना होता. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतूनही खोली तापलेलीच, आणि फळ्यावर साधा भूतकाळ. दरवर्षीचा धडा. क्रियापदाला ईडी लावा, झालं.

नागपुरात काळ शिकवणं तसं सोपं जातं. 'आय ॲम गोइंग'साठी आमच्याकडे 'मी जाऊन राहिलो' तयारच असतं. या बोलीला बाहेरचे हसतात, माझं मात्र अर्धं काम तीच करते. भूतकाळ तर आणखी सोपा. आपला दरवाजा उघडला, खिडकी उघडली, कुलूप उघडलं. इंग्रजीत सगळ्याला एकच 'ओपन्ड'. उघडणारा मी असो की ती, तरीही तेच. गाडी अडते ती उच्चारात.

त्या तुकडीत पंचावन्नच्या आसपासचे एक काका होते. सगळे त्यांना पेंटर काका म्हणायचे. उभी हयात दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवण्यात गेली; फ्लेक्स आलं आणि ब्रश खाली ठेवावा लागला. आता ते वाडीकडच्या एका गोदामावर रात्रपाळीचे चौकीदार. रजिस्टरमध्ये रोज इंग्रजीत नोंद करायची: शटर लावलं, लाइट तपासले, अमुक गाडी थांबवली. लिहिण्यापुरतं त्यांना जमायचं, पण सकाळी तेच फोनवर वाचून दाखवावं लागे.

त्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "सर, मी 'चेकेड', 'लॉकेड' म्हनलं त सुपरवायझर हासून राहिला न मले. स्पेलिंगमध्ये ई-डी हाय, मंग काऊन नाई म्हनाचं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, म्हणजे तीन याद्या फळ्यावर लिहिल्या. एकीत शेवटी 'ट' ऐकू येतो: लॉक्ट, हेल्प्ट, वॉच्ट, वॉश्ट. दुसरीत 'ड': प्लग्ड, रब्ड, क्लीन्ड, कॉल्ड. तिसरीत 'इड': रिपोर्टेड, लोडेड. पाठ करा म्हटलं. इतकी वर्षं हेच म्हणत आलो होतो, आणि इतकी वर्षं पोरं हे पाठ करून आठवड्यात विसरत आली होती.

काका बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग उठले, खडू मागितला आणि कोपऱ्यात क ख ग घ ङ लिहू लागले. हात पेंटरचा, अक्षर असं की पुसू नये वाटावं. खाली च छ ज झ ञ, मग ट, त, प यांच्या ओळी. हा तक्ता त्यांनी शाळांच्या भिंतींवर इतक्यांदा रंगवला होता की कुठलं अक्षर कुठल्या खान्यात हे त्यांना डोळे मिटून दिसायचं. मग माझ्या यादीतल्या शब्दांची शेवटची अक्षरं एकेक करून त्यात शोधली आणि म्हणाले, "सर, उभे पहिले दोन खाने 'ट'चे. पुढचे तीन 'ड'चे."

मी फळ्यासमोर गेलो. लॉकचा क, वॉचचा च, हेल्पचा प, सगळे पहिल्या खान्यात. प्लगचा ग, रबचा ब तिसऱ्यात, क्लीनचा न पाचव्यात. अघोष आणि घोष! शाळेत संधी शिकताना 'वाक् अधिक ईश, वागीश' घोकलं होतं, तीच ही गोष्ट. गळ्यावर बोट ठेवून 'ग' म्हटलं की आत गुणगुण जाणवते, 'क' म्हटलं की नाही. गुणगुण असेल तर 'ड', नसेल तर 'ट'. तक्त्याबाहेर श, स अघोष. य, र, ल, व घोष. स्वरही घोषच, म्हणून 'प्लेड'.

"आन् ट-डवाले?" मागून एका मुलीनं विचारलं.

"ट वर ट कसा बसंल बाई? मधात काईतरी टेकू पाह्यजे न," काका म्हणाले.

टेकू! 'रिपोर्टेड'मधल्या त्या 'इ'ला इतका नेमका शब्द मला कधी सुचला नव्हता.

थोडं खवचटपणे मी 'लाफ' लिहिलं. शेवटी जीएच, घोळ करायला उत्तम. काकांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. "घ कोठी ऐकू येते? फ हाय. दुसरा खाना. लाफ्ट." मग 'क्लोज' दिलं, स्पेलिंगमध्ये एस. "हा त जावयाचा ज. तिसरा खाना. क्लोज्ड." बरोबर.

मग मीही त्यांना एक गोष्ट सांगितली. १४व्या शतकात इंग्रज स्वतःच हा 'एड' सुटा उच्चारत. पुढे मधला स्वर झिजत गेला. हायकोर्टातले वकील अजूनही 'लर्नेड फ्रेंड' म्हणतातच. म्हणजे 'चेकेड' चुकीचं कमी, जुनाट जास्त. हे ऐकून काका भलतेच खूश झाले. सुपरवायझरला सांगतो म्हणाले. मी म्हटलं, नका सांगू.

"मंग 'ही लॉक्स', 'ही ओपन्स'चं बी असंच हाय काय?" त्यांनी विचारलं. तसंच आहे. क नंतर 'स', न नंतर 'झ'सारखा, आणि 'वॉचेस'मध्ये पुन्हा टेकू, फक्त इथे तो च, ज, स, श यांच्या शेजारी लागतो. हे सांगताना माझ्याही डोक्यात ते पहिल्यांदाच नीट लागत होतं.

'स्टॉप्ड'मधले दोन पी मात्र त्यांना पटले नाहीत. एकच पी ठेवला तर ते 'स्टोप्ड' वाचलं जाईल, हे मी समजावलं. पाटीवर अक्षरामागे पैसे घेणाऱ्या माणसाला त्यात फक्त गिऱ्हाइकाचं नुकसान दिसलं.

वर्ग सुटताना ते दारात थांबले.

"सर, 'गो'च्या शेवटी स्वर हाय. म्हंजे 'गोड' न?"

"नाही काका, ते नियमात बसत नाही. वेंट."

चपला घालता घालता म्हणाले, "घ्या. हे त कडू निंगालं."