तुम्ही विचारलंत म्हणून: फील्ड मार्शल निवृत्त होत नाही, म्हणजे काय?

सैन्याच्या इतिहासाबद्दल बोलायला लागलं की मला एक प्रश्न हमखास येतो: ‘फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही म्हणतात, ते खरं का? आणि मग पगारही शेवटपर्यंत चालू राहतो का?’ दोन्ही खरं आहे. पगाराची हकीकत मात्र तेवढी सरळ नाही.

फील्ड मार्शल ही लष्करातली सर्वोच्च रँक, जनरलच्याही वरची. जनरलच्या गाडीवर चार तारे असतात, फील्ड मार्शलच्या गाडीवर पाच. खांद्यावर कमळांच्या वर्तुळात एकमेकांवर तिरपे ठेवलेले दंड आणि तलवार, त्यांच्या वर अशोकस्तंभाचे सिंह. ही रँक मिळाली म्हणून एखादी फौज किंवा कमांड हाताखाली येत नाही. तो सन्मान आहे, त्यामुळे त्याला वयाची अट लागत नाही. माणूस हयात असेपर्यंत सेवेतच धरला जातो आणि समारंभांना पूर्ण गणवेशात येऊ शकतो.

भारतीय लष्करात ती आजवर दोघांनाच मिळाली. सॅम माणेकशांना १ जानेवारी १९७३ रोजी, बांगलादेशच्या युद्धातल्या विजयानंतर. ते तेव्हा लष्करप्रमुख होते आणि दोनच आठवड्यांत पदावरून उतरणार होते. के. एम. करिअप्पांना ती १९८६ साली मिळाली, लष्करातून निवृत्त होऊन ३३ वर्षं झाल्यावर.

मला स्वतःला हा १९८६ चा निर्णय फार मोलाचा वाटतो. युद्ध जिंकणाऱ्याचं कौतुक कुठलाही देश करतो. करिअप्पांनी १५ जानेवारी १९४९ ला जनरल रॉय बुचर यांच्याकडून सूत्रं घेतली आणि ते पहिले भारतीय सरसेनापती झाले. लष्कर दिन त्याच तारखेला साजरा होतो. तेव्हा फाळणीत सैन्याची वाटणी नुकतीच झाली होती आणि काश्मीरची लढाई जेमतेम थांबली होती. अशा वेळी लष्कराची घडी बसवणं आणि त्याला राजकारणापासून दूर ठेवणं, हे काम एका दिवसाच्या विजयासारखं डोळ्यांत भरत नाही. ते ओळखायला तीन दशकं लागली, पण ओळखलं गेलं याचं मला समाधान आहे. १९६५ च्या युद्धात त्यांचा वैमानिक मुलगा पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान यांनी एके काळी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेलं. त्यांनी मुलाला सोडायची तयारी दाखवली. करिअप्पांनी नकार दिला. इतर युद्धकैद्यांना मिळेल तीच वागणूक त्यालाही मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ते निवृत्त होते, अंगावर फील्ड मार्शलचा गणवेश चढायला अजून २१ वर्षं होती.

आता पगार. सेवेत आहे म्हटल्यावर पूर्ण वेतन आलंच. पण माणेकशांच्या बाबतीत हा हिशेब कितीतरी वर्षं रखडला. थकबाकीचा चेक सरकारने त्यांना २००७ मध्ये दिला. रक्कम एक कोटीच्या वर होती आणि त्यांनी नव्वदी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी, २७ जून २००८ ला, ते तामिळनाडूतल्या वेलिंग्टनला वारले. सर्वोच्च रँक द्यायची आणि तिचं देणं तीस-पस्तीस वर्षं तसंच ठेवायचं, याची मला अजूनही चीड येते.

हवाई दलात याच तोलाची रँक एकट्या अर्जन सिंग यांना मिळाली, २००२ साली. १९६५ च्या युद्धात ते हवाई दलप्रमुख होते. जुलै २०१५ मध्ये डॉ. कलाम यांचं पार्थिव पालम विमानतळावर आलं, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग व्हीलचेअरवरून तिथे आले, आधार घेत उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट केला. निवृत्त न होणं म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांना मी तो फोटो बघायला सांगतो. १६ सप्टेंबर २०१७ ला ते गेले आणि तेव्हापासून देशात ही रँक धारण करणारं कोणी नाही. नौदलात तर ती कुणालाच मिळालेली नाही.

यालाच जोडून हल्ली विचारलं जातं, सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजे तिन्ही सैन्यदलांचा समन्वय करणारं पद) म्हणजे फील्ड मार्शलच का? नाही. जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० पासून पहिले सीडीएस झाले, तेही चार ताऱ्यांचेच. ते पद आहे, त्याला मुदत आहे, आणि मुदत संपली की निवृत्तीही आहे.