आमची वाटचाल : काडीभर अंतर

आमच्या सायकल रिपेरिंगच्या दुकानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, काही तरी लिहा, लोक लिहितात. लिहायला बसलो तर पन्नासातली सव्वाच वर्षं आठवली.

१९७२ साली अण्णांनी आणि भाईंनी मिळून बडोद्याच्या सयाजीगंजात, काला घोड्याकडून स्टेशनला जाणाऱ्या रस्त्यावर दुकान काढलं. अण्णा म्हणजे माझे वडील. भाई गुजराती, आम्ही दांडिया बाजारातले मराठी. भांडवल भाईंचं, हात अण्णांचे, अशी वाटणी ठरली होती. हत्यारं मात्र आजोबांची. आजोबा कलाभवनात यंत्रकाम शिकले होते. त्यांची अर्धगोल कानस, एक पातळ कोनपाना (चाकाच्या आसावरचे, छर्ऱ्यांना दाबून धरणारे कोन आवळायचा) आणि मुठीला सुतळी गुंडाळलेला पेचकस अजून माझ्या फळीवर आहेत. कानशीचे दात केव्हाच बोथटले. तरी ब्रेकच्या रबरावर चढलेली चकाकी खरवडायला तीच लागते, नवी कानस रबर ओरबाडते.

तेव्हा सगळ्या काळ्या सायकली, अठ्ठावीस इंची, दांडीच्या ब्रेकच्या, म्हणजे वायरऐवजी लोखंडी दांडीने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या. रॅले, हर्क्युलिस, ॲटलस, क्वचित एखादी हिंद. अण्णांचा नियम एकच होता: आधी चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे रिमचं डुलणं घालवायचं, मगच ब्रेकला हात लावायचा. रिम डुलत असेल तर ब्रेक एका जागी घासणार आणि दुसऱ्या जागी सुटणार. चाक सरळ फिरलं की दोन्ही बाजूंना रबर आणि रिम यांच्यामध्ये माचिसची एकेक काडी धरायची, दांडीचा नट सैल करून ब्रेक वर ओढायचा, काडी अडकली की नट आवळायचा आणि काड्या काढून घ्यायच्या. दोन मिलिमीटर राहतात, ना जास्त ना कमी. भाई बिडी ओढायचे, त्यामुळे जळक्या काड्यांना दुकानात तोटा नव्हता.

१९९५ साली समोर काचेच्या दाराचं शोरूम आलं. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना माहीत आहे. जाड टायरच्या रंगीत सायकली, आत पंखा, गिऱ्हाइकाला थंड पाणी. विकायचं ते विकू दे, पण त्यांनी रिपेरिंगलाही एक पोरगा बसवला. त्याने आयुष्यात दांडीचा ब्रेक बघितला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात हॉस्टेलचा एक मुलगा रेल्वेपुलाच्या उतारावर पडला. मनगट मोडलं. त्याच्या मडगार्डवर आमच्या दुकानाचं स्टिकर होतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून समोरून पुड्या सुटायला लागल्या: जुन्या दुकानातले ब्रेक असेच. हॉस्टेलच्या फळ्यावर कोणी तरी आमचं नाव लिहून खाली रेघ मारली. रोज दहा-बारा सायकली यायच्या, त्या दोनांवर आल्या. हवा भरायलासुद्धा पोरं पुढे निघून जायची. अण्णा दिवसभर तोच फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) उघडून धुवायचे आणि परत बसवायचे.

भाई मात्र गप्प बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते पुलावर गेले आणि उतारभर खाली बघत चालले. गटाराच्या कडेला त्यांना ब्रेकचं रबर सापडलं. मग मला घेऊन हॉस्टेलवर गेले. सायकल जिन्याखाली पडली होती. पुढच्या ब्रेकचा उजवा खोका, ज्यात रबर बसतं तो, रिकामा, डाव्यातलं रबर अर्धं बाहेर. भाईंनी बोटाने खोका चाचपला आणि म्हणाले, "आ तो ऊंधुं नाख्युं छे." हे तर उलटं बसवलंय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, तरी सांगतो. रबराच्या खोक्याचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला बंद तोंड आलं पाहिजे. मग ब्रेक दाबला की रिम रबराला त्या भिंतीवर रेटते आणि ते जागचं हलत नाही. उलटं बसवलं तर ब्रेक जितका जोरात दाबाल तितकं रबर बाहेर सरकतं. मुलगा म्हणाला, तुमच्याकडे एप्रिलमध्ये केलं होतं, पण जुलैत रबरं समोर बदलून घेतली.

अण्णा रिकामा खोका हातात घेऊन रस्ता ओलांडून गेले. शोरूमचे मालक म्हणाले, "काका, पावसात लोखंडी रिमला कुठलाही ब्रेक लागत नाही." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त लागलं. भिजलेल्या क्रोमच्या रिमवर रबर घसरतं, उतारावर ब्रेक जरा आधीच दाबत यायचं असतं. पण घसरणं वेगळं आणि रबर गटारात सापडणं वेगळं. अण्णा काही न बोलता परत आले. त्या दिवाळीत भाईंनी स्कूटर विकून दुकानाचं भाडं भरलं. मला हे कळायला दहा वर्षं लागली.

आम्हाला त्यातून काढलं ते बाईंनी. बाई शाळेत मराठी शिकवायच्या, अर्धं रावपुरा त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांची लेडीज रॅले दर वर्षी मृगाच्या आत आमच्याकडे यायची, त्याही वर्षी येऊन गेली होती. ऑगस्टात परत आल्या. म्हणाल्या, ब्रेक बघून ठेवा, संध्याकाळी नेते. बघण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सायकल स्वतःच फुटपाथवर, शोरूमच्या बरोबर समोर उभी केली आणि चालत घरी गेल्या. तेव्हा अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरात्रापर्यंत काम परत आलं.

पुढची वर्षं बरी गेली. शोरूम २००८ मध्ये बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला, गल्ल्यापर्यंत पाणी आलं, विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर दिसल्या. दुकानात एकोणीस सायकली होत्या. काळ्या सायकली रॉकेलने धुऊन, छर्रे-ग्रीस बदलून आठवड्यात चालत्या केल्या. गिअरवाल्यांचं विचारू नका.

आता विषय निघालाच आहे तर. चेन ताणायला मागचं चाक मागे ओढलंत की मागचा ब्रेक घासायला लागतो, तो परत लावून घ्या. त्या घासण्याने सायकल जड झाली म्हणून कोनांना दोष देऊ नका. रबरात नख रुतत नसेल तर ते फेका. दांडीच्या सांध्यांना तेलाचा एक थेंब पुरे, आणि रिमला तेल लागलंच तर रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करा. मुलांना हे सांगावं लागतं, चकचकीत दिसावी म्हणून रिमला तेल चोळतात!

बाईंना आता सायकल जमत नाही. मे महिन्यात त्यांचा नातू रॅले घेऊन आला. म्हणाला, काका, याला डिस्क ब्रेक बसवा. चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कला, डिस्कचे कान नाहीत, हबवर चकती बसायला जागा नाही. मी म्हटलं, ठेवून जा, बघतो. चाकाचा आऊट काढून, काड्या लावून ब्रेक केलाय. मृग उलटून गेला, त्याचे दोनदा फोन आले. अजून घेतलेले नाहीत.